बॅलड म्हणजे पोवाडा का? एका गाण्याच्या दोन सादरीकरणांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमच्या वाचनकट्ट्यावर महिन्यातून एकदा वीस-पंचवीस माणसं जमतात. कुणी कविता वाचतं, कुणी गातं, मग त्यावर बोलणं होतं. एका वर्षी आम्ही बाहेरच्या भाषांतून आलेले काव्यप्रकार एकेक करून घ्यायचं ठरवलं. सुनीत आणि हायकू सहज पार पडले. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं त्याला शतक उलटून गेलं, हायकू शिरीष पैंनी रुजवला. दोन्हींबद्दल बोलायला मराठीतच भरपूर उदाहरणं होती. तिसरी पाळी बॅलडची, म्हणजे गाऊन गोष्ट सांगणाऱ्या इंग्रजी काव्यप्रकाराची, आली आणि तिथे आम्ही अडखळलो. कसे अडखळलो, काय निवडलं आणि कुठे चुकलो, ते इथे मांडतो आहे. माणसांची नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

कामात तिघं होतो. अनुवाद करणाऱ्या ताई, इंग्रजी काव्य शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या. गाणारे शाहीर, घरातच पोवाड्याची परंपरा असलेले. आणि संयोजक म्हणून मी. श्रोत्यांना आधी वाटायचं एक पानी टिपण लिहिणं हे माझं काम होतं.

त्या टिपणातलं पहिलं वाक्य मी असं लिहिलं होतं: ‘बॅलड म्हणजे इंग्रजी पोवाडा.’ पुढचं सगळं या एका वाक्यातून घडलं.

हे वाक्य मी हवेतून काढलं नव्हतं. शब्दकोशात बॅलडसमोर पोवाडा हाच शब्द भेटतो. त्याला जुना आधारही आहे. हॅरी अॅक्वर्थ या ब्रिटिश अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत पोवाडे गोळा केले. तो संग्रह १८९१ साली मराठीत छापला गेला. पुढे १८९४ मध्ये अॅक्वर्थने त्यातले काही पोवाडे इंग्रजी पद्यात नेले आणि पुस्तकाला नाव दिलं ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’. म्हणजे पोवाड्याला बॅलड म्हणणं सव्वाशे वर्षांपूर्वीच रूढ झालं होतं. मी फक्त ते उलट्या दिशेने वाचलं. पोवाडा हे बॅलड असेल, तर बॅलड हा पोवाडा, असं गृहीत धरलं. चूक या उलटवण्यात होती, पण ती तेव्हा दिसली नाही.

निवडलेलं गाणं होतं ‘सर पॅट्रिक स्पेन्स’, एक जुनं स्कॉटिश बॅलड. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकबॅलडांचा जो मोठा संग्रह छापला, त्यात ३०५ बॅलडं आहेत आणि हे ५८ व्या क्रमांकाचं. चाइल्डने एकेका गाण्याचा ‘खरा’ पाठ, म्हणजे शब्दांचं अस्सल रूप, ठरवला नाही. जेवढे मिळाले तेवढे पाठ शेजारी शेजारी ठेवले. त्यातला एक छोटा, अवघ्या ११ कडव्यांचा पाठ ताईंनी घेतला. तो बिशप टॉमस पर्सी यांनी १७६५ साली छापलेला.

गोष्ट थोडक्यात अशी. राजा डनफर्मलिन गावी बसून रक्तासारखी लाल दारू पीत असतो. ‘माझं जहाज हाकायला चांगला खलाशी कुठे मिळेल?’ असं तो विचारतो. शेजारी बसलेला म्हातारा सरदार पॅट्रिकचं नाव सुचवतो. राजा पत्र धाडतो. समुद्रकाठी फिरणारा पॅट्रिक पहिली ओळ वाचून मोठ्याने हसतो आणि पुढची वाचताना त्याचे डोळे भरून येतात. वर्षाच्या या दिवसांत मला समुद्रावर धाडण्याचं हे काम कुणी केलं, असं तो विचारतो. उत्तर येत नाही. एक खलाशी म्हणतो, काल रात्री नव्या चंद्राच्या कुशीत जुना चंद्र पाहिला, वादळ होणार. त्यानंतर वादळाचं एक अक्षर नाही. एकदम सरदारांचे जोडे येतात, मग पाण्यावर त्यांच्या टोप्या. किनाऱ्यावर हातात पंखे घेऊन वाट बघत बसलेल्या बायका. शेवटी समुद्राचा तळ, पन्नास वाव खोल, तिथे पॅट्रिक आणि त्याच्या पायाशी सरदार.

अडचण

शाहिरांना अनुवाद वाचून दाखवला तेव्हाच त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. मी ते नीट ऐकले असते तर पहिलं सादरीकरण वेगळं झालं असतं.

पहिला प्रश्न: ‘हे कुठल्या सालचं?’

ताई म्हणाल्या, ‘साल नाही, शाहीर. अभ्यासक १२८१ म्हणतात, कुणी १२९० म्हणतात. १२८१ ला स्कॉटलंडची राजकन्या लग्नासाठी नॉर्वेला गेली, तिला पोचवून परतताना बरेच जण बुडाले. १२९० ला तिची मुलगी तिकडून इकडे येताना वाटेतच वारली. पण या नावाचा कप्तान इतिहासात पक्का सापडत नाही.’

शाहीर थोडे गप्प झाले. पोवाडा हा घटनेला बांधलेला असतो. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचला, तुळशीदासाने तानाजीवर रचला, तेव्हा प्रसंग कोणता, माणूस कोण आणि गड कुठला याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात शंका नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला तोही चरित्राला धरून. शाहिराला पाय टेकवायला जमीन लागते. इथे ती नव्हती.

दुसरा प्रश्न: ‘ताई, वादळ कुठं आहे?’

‘वादळ गाण्यात नाहीच.’

‘मग मी गाऊ काय? माणूस बुडाला, आणि कसा बुडाला ते सांगायचं नाही?’

हा प्रश्न रास्त होता. शाहिराचं सगळं बळ ज्या ठिकाणी लागतं, तेच ठिकाण या गाण्याने मोकळं सोडलं होतं. मी मध्यस्थी केली आणि म्हणालो, तुम्हाला लागेल तेवढं भरा, आशय तोच ठेवा. ताईंना हे पटलं नव्हतं, पण कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता आणि त्या गप्प बसल्या.

शाहिरांनी दोन चौक, म्हणजे पोवाड्याची दोन कडवी, घातले. त्यातल्या या ओळी मला अजून पाठ आहेत:

कडाडली वीज, उधळला दर्या, डोंगर उठला लाटांचा
मर्द कप्तान सुकाणूवरती, थरकाप झाला वाऱ्याचा
जी जी रं जी

डफाची थाप, तुणतुण्याची साथ, मागे झीलकऱ्यांचा उंच सूर. सादरीकरण दणदणीत झालं आणि टाळ्याही मनापासून पडल्या. शाहिरांनी शेवटच्या चौकात परंपरेप्रमाणे आपलं नावही गुंफलं.

मग चर्चा सुरू झाली. मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, गाण्यात काय घडलं? पाच-सहा जण बोलले. सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच: एका शूर कप्तानाने राजाच्या हुकमासाठी प्राण दिले. एका गृहस्थांनी स्वामिनिष्ठेवर सुंदर दोन शब्द सांगितले.

ताई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून आपला मूळ अनुवाद काढला आणि सपाट आवाजात अकरा कडवी वाचली. तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून प्रश्न आला, ‘मग राजाचं पुढे काय झालं?’

‘गाण्यात नाही,’ ताई म्हणाल्या.

‘त्याला शिक्षा नाही? पश्चात्ताप तरी?’

‘नाही.’

आधीच्या अर्ध्या तासात राजाबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. पोवाड्यात राजा हे निव्वळ निमित्त झालं होतं. अनुवादात तो पहिल्याच ओळीत दारू पीत बसलेला होता आणि शेवटी सरदार तळाशी गेल्यावरही बहुतेक तसाच बसलेला असणार. एकाच गोष्टीची दोन सादरीकरणं एका संध्याकाळी झाली आणि लोकांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या. शब्दार्थ चुकला नव्हता. सांगण्याची रीत बदलली आणि तिच्याबरोबर अर्थ गेला.

बॅलडचं मर्म काय, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. व्याख्या मला पाठ होती. गाऊन सांगितलेली गोष्ट, छोटी कडवी, कर्ता अज्ञात, संवादावर भर. मूळ शब्द नाचाशी जोडलेला, लॅटिनमधल्या नाचणे या अर्थाच्या धातूपासून फ्रेंच वाटेने इंग्रजीत आलेला. कडवं चार ओळींचं; पहिल्या-तिसऱ्या ओळीत चार आघात (म्हणजे जोर देऊन म्हटलेल्या जागा), दुसऱ्या-चौथ्या ओळीत तीन, यमक दुसरीचं चौथीशी. हे सगळं टिपणात होतं. सांगणारा निवाडा देत नाही, हे मात्र टिपणात नव्हतं. तो हळहळत नाही, शाबासकी देत नाही, ‘पाहा केवढा अन्याय’ असंही म्हणत नाही. तो जोडे दाखवतो, मग टोप्या दाखवतो, आणि मधली जागा ऐकणाऱ्यावर सोडतो. फ्रान्सिस गमेअर या अभ्यासकाने बॅलडच्या या चालीला उडी मारणं आणि रेंगाळणं असं म्हटलं आहे. अख्खं वादळ एका उडीत ओलांडायचं आणि पंखे हातात घेतलेल्या बायकांपाशी दोन कडवी थांबायचं.

पोवाडा असं करत नाही, कारण त्याचं काम दुसरं आहे. शाहीर भर सभेत उभा राहतो. त्याला ऐकणाऱ्यांना पेटवायचं असतं, त्यांच्या मनात एका माणसाला मोठं करायचं असतं, आणि हे सांगणारा मी कोण हेही तो छातीठोकपणे सांगतो. पवाडा या शब्दातच कीर्ती आहे, पराक्रम आहे. हे पोवाड्याचं उणं नव्हे. पॅट्रिकचं गाणं त्या साच्यात घालण्यात आमचं चुकलं.

पुढे काय करायचं

पुढच्या महिन्यात हाच विषय पुन्हा घ्यायचा, एवढं तिघांनीही लगेच मान्य केलं. कसा घ्यायचा यावर बरंच बोलणं झालं.

सर्वांत सोपं होतं आहे ते तसंच ठेवून टिपणात ‘रूपांतर’ असा शब्द घालणं. प्रामाणिक ठरलं असतं आणि शाहिरांच्या मेहनतीचा मान राहिला असता. पण मग बॅलड म्हणजे काय, हे श्रोत्यांना कळायचं राहून गेलं असतं, आणि कार्यक्रम तर त्यासाठीच होता.

गाणं सोडून नुसता अनुवाद वाचायचा, हा ताईंचा कल. त्यांचं वाचन परिणामकारक झालंच होतं. याला मी विरोध केला. बॅलड वाचून दाखवलं की त्याची कविता होते आणि गाणं उरत नाही. वॉल्टर स्कॉटने १८०२-०३ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातली बॅलडं छापली, तेव्हा जेम्स हॉग या कवीच्या आईने त्याला ऐकवलं होतं की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, आणि छापून तुम्ही त्यांची जादू मोडलीत. हॉगनेच ही आठवण लिहून ठेवली आहे. तिची गाणी तिच्यासमोर कागदावर उतरत होती आणि त्यांचं काय होतंय हे तिला कळत होतं. तिचं म्हणणं मला फार खरं वाटतं.

तिसरा मार्ग मूळ चालीचा. चाइल्डच्या संग्रहात मुख्यत्वे शब्द आहेत, चाली फार थोड्या. ती उणीव बर्ट्रांड ब्रॉन्सन यांनी भरून काढली. चाइल्डच्या बॅलडांच्या पारंपरिक चाली त्यांनी १९५९ ते १९७२ या काळात चार खंडांत छापल्या. त्यातली एखादी चाल घेऊन मराठी शब्द बसवता आले असते. आम्ही हा मार्ग एका वाक्यात निकालात काढला. कारण असं दिलं की इंग्रजी ओळ आघातांवर चालते, मराठी ओळ अक्षरांवर किंवा मात्रांवर, म्हणून ते बसणार नाही. आज मला वाटतं, ही घाई झाली. त्याबद्दल खाली लिहितो.

उरलेला मार्ग म्हणजे मराठीतच दुसरी एखादी सांगण्याची रीत शोधणं. ती कोणती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

काय केलं

आधी छंद ठरला. ताईंनी आठ-सहा-आठ-सहा अक्षरांची ओळ घेतली, यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीला. मोठ्या अभंगाचा कान असलेल्याला ही रचना परकी वाटत नाही. तिथे सहा-सहा-सहा आणि शेवटी चार, म्हणजे आखूड ओळीवर येऊन थांबण्याची सवय मराठी कानाला आहेच. जोड्यांचं कडवं त्यांनी असं केलं:

थोर थोर सरदार
जोडे सावरती
खेळ संपायच्या आत
टोप्या तरंगती

या चार ओळींवर एक अख्खी संध्याकाळ गेली. आधीच्या मसुद्यात ‘हाय हाय’ असा शब्द होता. तो ताईंनी स्वतःच काढला, कारण मूळ गाणं हळहळत नाही. माझा आग्रह होता की टोप्या कुणाच्या हे स्पष्ट व्हावं. त्या म्हणाल्या, दोन ओळींपूर्वी सरदार आलेत, आणखी काय सांगायचं? ‘खेळ’ हा शब्द मात्र मूळचाच. मृत्यूला खेळ म्हणणं क्रूर वाटतं आणि ते तसंच वाटायला हवं.

शेवटच्या कडव्यातल्या खोलीसाठी त्यांनी ‘वाव’ हा शब्द घेतला. दोन्ही हात आडवे पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. मला हा शब्द माहीत नव्हता. इंग्रजीतल्या ज्या मापासाठी तो आला, त्याचाही मूळ अर्थ पसरलेले हातच. दोन भाषांतल्या दर्यावर्द्यांनी पाण्याची खोली एकाच अंगाने मोजली होती.

चालीचा प्रश्न सुटला तो ठरवून नव्हे. भर पावसाळ्यातली तालीम होती. डफाचं कातडं दमटपणाने सैल पडलं होतं. एरवी शाहीर ते शेकून घेतात, त्या दिवशी सोय झाली नाही. ते म्हणाले, ‘वाजवत नाही, नुसते शब्द पाठ करतो.’ मग भिंतीला टेकून, मांडीवर हलकेच बोटं टेकवत त्यांनी खालच्या पट्टीत कडवी म्हणायला सुरुवात केली. आवाज चढवायचं कारणच नव्हतं, समोर आम्ही दोघंच. तिसऱ्या कडव्यापर्यंत ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

सगळं म्हणून झाल्यावर शाहीर स्वतःच म्हणाले, ‘ताई, हे आमचं नाही हो. हे आईचं आहे.’

त्यांची आई जात्यावर गोष्टीच्या ओव्या म्हणायची. कुणा सुनेची, कुणा भावाची, विहिरीत जीव दिलेल्या कुणाची. दळण चालू असताना म्हटलेल्या, कुणाला उद्देशून नाहीत, टाळी मिळायचा संबंध नाही. शाहीर म्हणाले, ‘आई म्हणताना रडायची नाही. आम्ही रडायचो.’

तिथून गप्पा वाहत गेल्या. बॅलडात एक युक्ती वारंवार येते: तेच कडवं पुन्हा म्हणायचं, फक्त एक-दोन शब्द बदलायचे, आणि दर फेऱ्याला गोष्ट एक पाऊल पुढे सरकवायची. चाइल्डच्या ९५ क्रमांकाच्या बॅलडात फाशीच्या झाडाखाली उभी असलेली मुलगी आधी बापाला विचारते, मला सोडवायला सोनं आणलंत का? बाप म्हणतो नाही, तुला फासावर बघायला आलो. मग आई, मग भाऊ, मग बहीण, तोच प्रश्न, तेच उत्तर. शेवटी प्रियकर सोनं घेऊन येतो. मी हे सांगत होतो आणि मलाच भोंडल्याचं कारल्याच्या वेलाचं गाणं आठवलं. सून माहेरी जायला विचारते, सासू म्हणते कारल्याचा वेल लाव आणि मग जा. वेल लावला, आता जाऊ का? आता फूल येऊ दे. फूल आलं, आता जाऊ का? आता कारलं लागू दे. दर फेऱ्याला प्रश्न तोच आणि माहेर तेवढंच लांब. सासू वाईट आहे असं गाणं एकदाही म्हणत नाही.

बॅलडला मराठीत शेजार शोधायचा तर तो रणांगणापेक्षा जात्यापाशी आणि फेरापाशी जास्त सापडतो, हे त्या तालमीत पक्कं झालं. आम्ही पोवाडा धरला कारण तो पुरुषांचा, सभेतला, छापलेला, म्हणून चटकन डोळ्यांसमोर येणारा. बायकांची कथागीतं तितकीच जुनी असतील, पण कोशात बॅलडसमोर त्यांचं नाव नाही.

दुसऱ्या सादरीकरणात डफ नव्हता. शाहीर खाली बसून गायले. चाल ओवीच्या जवळची, सगळी कडवी एकाच चालीवर. नाव गुंफलं नाही. पॅट्रिक पत्र वाचून हसतो ते कसं गाऊ, थट्टेने की कडवटपणाने, असं त्यांनी विचारलं होतं. ताईंनी सांगितलं, ‘मला ठाऊक नाही. जसं आहे तसं म्हणा.’ त्यांनी ते बाकीच्या ओळींसारखंच म्हटलं.

टिपणातलं पहिलं वाक्य मी बदललं. ‘पोवाडा’ काढून ‘बॅलड’ हाच शब्द ठेवला आणि पुढे ‘लोकांच्या तोंडी राहिलेलं कथागीत’ असं लिहिलं. कथागीत हा शब्द बरा आहे, पण तो विषय सांगतो, रीत सांगत नाही. म्हणून मूळ शब्दही राहू दिला.

काय झालं

या वेळी टाळ्या लगेच पडल्या नाहीत. गाणं संपलं हेच काहींना कळलं नव्हतं. मग प्रश्न आले, आणि ते ज्या जागी यायला हवेत तिथेच आले. पत्र पाठवायला सुचवणाऱ्या म्हाताऱ्या सरदाराचा पॅट्रिकवर राग होता का? सरदारांना समुद्रावर जायचंच नव्हतं तर ते गेले का? शेवटी सरदार त्याच्या पायाशी का? एक बाई म्हणाल्या, जिवंतपणी तो त्यांच्या पायाशी असणार. पाऊण तास चर्चा चालली आणि राजाला कुणी विसरलं नाही.

सगळ्यांना आवडलं मात्र नाही. पहिल्या वेळी आलेले दोघं-तिघं स्पष्ट म्हणाले की मागचं जास्त रंगलं, हे कंटाळवाणं झालं. त्यांचं खोटं नाही. एकाच चालीवर अकरा कडवी ऐकायची सवय आता राहिलेली नाही.

एका तरुण मुलाचा गोंधळ वेगळाच होता. त्याला वाटलं होतं संथ लयीतलं प्रेमगीत ऐकायला मिळेल, कारण आजच्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात बॅलड म्हटलं की तेच समजतात. त्याला दोष देता येत नाही, शब्दच भरपूर भटकला आहे. फ्रेंचमध्ये त्याच नावाचा बांधीव काव्यप्रकार होता: तीन कडवी आणि एक छोटं समारोपाचं कडवं, प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद. पंधराव्या शतकात फ्रांस्वा व्हियोंने तो गाजवला. इंग्लंडात एकाच बाजूने छापलेल्या कागदावर ताज्या खुनाच्या आणि फाशीच्या बातम्या बॅलड म्हणून विकल्या जात, वर ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ अशी सूचना असे. वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज यांनी १७९८ मध्ये आपल्या कवितासंग्रहाच्या नावातच बॅलड घातलं. ती लिहिलेली बॅलडं, लोकांच्या तोंडून आलेली नव्हेत. संगीतकार शोपॅंने तर शब्दच काढून टाकले आणि पियानोसाठी चार बॅलड रचली. हे सगळं टिपणात चार ओळींत यायला हवं होतं. आलं नाही.

पुन्हा केलं तर

गाण्याची निवड आधी तपासली असती. बॅलडं एका जातीची नाहीत. ऑटरबर्नची लढाई १३८८ साली झाली, तिच्यावरचं बॅलड चाइल्डच्या संग्रहात १६१ वं आहे. तिथे साल आहे, सरदार आहेत, तलवारी आहेत. ते गाणं शाहिरांनी डफावर घेतलं असतं तर शोभून दिसलं असतं. सोळाव्या शतकात फिलिप सिडनीने लिहून ठेवलं आहे की पर्सी आणि डग्लस या लढणाऱ्या सरदारांचं जुनं गाणं एखाद्या आंधळ्या वादकाने खडबडीत आवाजात गायलं तरी रणशिंग ऐकल्यासारखं काळीज हलतं. तो वादक आपल्या शाहिराचा सख्खा भाऊ वाटतो. म्हणजे ‘बॅलड म्हणजे पोवाडा’ हे माझं वाक्य काही बॅलडांपुरतं खरं होतं. ऑटरबर्नचं आणि पॅट्रिकचं, ही दोन गाणी शेजारी शेजारी ठेवायला हवी होती, एक डफावर, एक डफाशिवाय.

दुसरं, शाहिरांच्या प्रश्नांना मी अडचण समजलो. ‘साल कुठलं’ आणि ‘वादळ कुठं’ हे दोन प्रश्न म्हणजे दोन काव्यप्रकारांतला फरक होता, कामाच्या माणसाने पहिल्या वाचनातच बोट ठेवलेला. मी तेव्हा ‘भरा लागेल तेवढं’ म्हणालो, त्याऐवजी तिथेच थांबून तिघांनी बोलायला हवं होतं. ताईंनाही मी गप्प राहू दिलं. आठ दिवस उरले हे कारण खरं होतं, पण कार्यक्रम पुढे ढकलणं माझ्याच हातात होतं.

तिसरं, चालीचं. बॅलडाची ओळ गाताना आघातांमधली अक्षरं कमी-जास्त होतात आणि गाणारा ती सांभाळून घेतो. आपले ओवी म्हणणारेही तेच करतात. त्यामुळे मूळ चाल मराठीत बसणार नाही, असं न गाताच म्हणणं चुकीचं होतं. निदान एक कडवं करून बघायला हवं होतं.

चौथी गोष्ट पाठाची. बिशप पर्सी हे हात राखून काम करणारे संपादक नव्हते. जुन्या गाण्यांना ते स्वतः डागडुजी करत. या गाण्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की स्कॉटलंडहून आलेल्या दोन हस्तलिखितांवरून ते घेतलं. दुसऱ्या लांब पाठांत नॉर्वेची सफर आहे, तिथला तंटा आहे आणि वादळही आहे: तुटलेले नांगर, जहाजाच्या फटीत कोंबलेलं कापड. शाहिरांना हवं असलेलं वादळ परंपरेतच होतं! ते आम्ही त्यांना दाखवलं नाही. त्यांनी ते पाठ ऐकले असते तर वीज आणि लाटांचे डोंगर घालावे लागले नसते; गळणाऱ्या फटीत कापड कोंबणारे हात गाता आले असते.

शाहिरांनी ताईंकडून त्या लांब पाठाचा कच्चा अनुवाद आता मागून घेतला आहे. आईच्या ओव्यांतली एक, विहिरीची, त्यांना अर्धीच आठवते. उरलेली त्यांच्या मावशीला येते, म्हणून पाऊस उघडला की आम्ही तिघं तिच्याकडे जाणार आहोत.